जाहिरातकलेची उमेदवारी

कोणत्याही धंद्याचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे मालकांची नावे आणि कंपन्यांच्या स्थापनेची साले चटकन हाती लागतात. त्या धंद्यात ज्यांनी उमेदवारी केली, वरिष्ठांनी बाजूस सारलेले कागद उचलून पुन्हा नव्याने रेघा मारल्या, त्यांचा मागमूस मात्र क्वचितच लागतो. जाहिरातीच्या धंद्यात तर ही अडचण अधिकच मोठी. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. जाहिरातीवर नाव असते ते साबणाचे किंवा चहाचे. ती कोणी योजिली आणि कोणी रेखाटली, हे वाचकाला ठाऊक नसते व त्याला त्याची गरजही वाटत नाही. तरीदेखील कलाशाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी जाहिरात कंपनीच्या दारात पहिल्याने उभा राहिला तेव्हा त्याला काय मिळाले आणि त्याने काय दिले, हा आपल्या देशाच्या सांस्कृतिक इतिहासातील एक अर्थपूर्ण प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. त्याचाच येथे थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

वर्तमानपत्र आले तेथे जाहिरात आलीच. 1780 साली कलकत्त्यास निघालेल्या हिकीच्या पत्रातही जाहिराती होत्या. परंतु पुढे शंभर-सव्वाशे वर्षे जाहिरात ही बहुधा एक सूचना असे: अमुक माल अमुक दुकानी आला आहे, गरजूंनी यावे. ती रचण्यासाठी वेगळा मनुष्य लागतो, ही कल्पनाच रुजली नव्हती. 1905 साली मुंबईस गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी निघाली. देशी जाहिरात कंपन्यांत आद्य म्हणून तिचा उल्लेख केला जातो. त्यानंतर परकीय कंपन्या आल्या. अमेरिकेतील जे. वॉल्टर थॉम्प्सन या कंपनीने 1929 मध्ये मुंबईस कचेरी उघडली, ती मुख्यतः जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या जाहिरातीसाठी. लीव्हर बंधूंच्या मालाची जाहिरात करणारी लिंटास 1939 मध्ये आली. कलकत्त्यास डी. जे. कीमर ही इंग्रज कंपनी नावारूपास आली होती. या कंपन्यांनी आपल्याबरोबर यंत्रसामग्री फारशी आणली नाही. त्यांनी आणली ती कामाची एक पद्धत. ती पद्धत शिकविणारी शाळा येथे नव्हती.

कलेच्या शाळा होत्या. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली होती आणि तिच्यातून नामांकित चित्रकार बाहेर पडले होते. त्यांपैकी महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या अध्यापकांनी पुस्तकांसाठी व भित्तिपत्रकांसाठी चित्रे काढण्यात कमीपणा मानला नाही. तरी सर्वसाधारण समज असा होता की, खरा चित्रकार व्यक्तिचित्रे किंवा पौराणिक प्रसंग रंगवितो आणि पोटासाठी ज्याला काहीही रंगवावे लागते तो पाट्या रंगवितो. 1935 साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा स्वतंत्र वर्ग निघाला, तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला. पुढे वि. ना. आडारकरांसारख्या शिक्षकांनी तो विभाग वाढविला आणि यथाकाळ त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. सामान्य ऐपतीच्या घरातील कितीतरी मुलांना 'चित्रे काढून पोट भरत नाही' या वडिलांच्या बोलण्याला देता येईल असे एक उत्तर या वर्गाने मिळवून दिले.

शाळेत मोहीम रचण्याचा सराव होत असे, पण त्यात जाहिरातदार काल्पनिक असतो. माल कोणता, गिऱ्हाईक कोण, मजकूर काय, चित्र कोणते, हे सगळे विद्यार्थी स्वतः ठरवितो आणि परीक्षक रेषेची सफाई पाहून गुण देतात. कंपनीत पाऊल टाकताच हे चित्र पालटते. तेथे जाहिरातदाराशी बोलणारा मनुष्य वेगळा, मजकूर लिहिणारा वेगळा, जागेची मांडणी कल्पिणारा वेगळा. तो कच्चा आराखडा पक्क्या रेषेत उतरविणारा आणखी वेगळा. त्यानंतर ब्लॉक करणारा, खिळे जुळविणारा आणि वर्तमानपत्रात जागा राखून ठेवणारा. ज्याला व्हिज्युअलायझर म्हणत, त्याची जागा या साखळीच्या मध्यावर. त्याने आठ कच्चे आराखडे करावेत, त्यांतील सात टोपलीत जावेत आणि आठवा जाहिरातदाराच्या आवडीप्रमाणे इतका बदलावा की ओळखू येऊ नये, हा नित्याचा क्रम.

या साखळीचे अर्थशास्त्रही उमेदवाराला लौकरच कळे. कंपनीची मिळकत चित्राच्या मोलावर नसे. वर्तमानपत्रात जी जागा विकत घेतली जाई, तिच्या किमतीवर शेकडा 15 टक्के दलाली वर्तमानपत्राकडून मिळे, आणि त्यावर कंपनी चाले. म्हणजे रेखाटन उत्तम झाले काय आणि बेताचे झाले काय, हिशेब व्हावयाचा तो जागेचाच. आपण कलावंत म्हणून आलो की दलालाच्या पेढीवर कारकून म्हणून, हा प्रश्न संवेदनशील तरुणाला पहिल्याच वर्षी पडत असला पाहिजे.

आणि तरीही ही पद्धत पोकळ नव्हती. एक उदाहरण घेऊ. 1939 साली लिंटासपुढे डालडाची मोहीम आली. माल नवा, आणि तोही अशा देशात की जेथे तुपाची जागा स्वयंपाकघराइतकीच देवघरातही आहे. गिऱ्हाइकांतील पुष्कळांना वाचता येत नव्हते. केवळ वर्तमानपत्रात चित्र छापून हे काम होण्यासारखे नव्हते. तेव्हा हार्वे डंकन यांच्या देखरेखीखाली नाना मार्ग एकत्र जुळविण्यात आले. चित्रपटगृहांतून दाखविण्यासाठी छोटा बोलपट केला, डालडाच्या गोल डब्याच्या आकाराची मोटारगाडी रस्त्यांतून फिरविली, पत्रके वाटली, आणि रस्त्यावर मांडव घालून लोकांच्या देखत पदार्थ तळून त्यांच्या हातावर ठेवले. वास, चव, चित्र, गोष्ट, अशी ही सर्व इंद्रियांना घातलेली साद होती. आपल्या बाजारात दवंडी, वासुदेव, बहुरूपी आणि जत्रेतील हलवाई हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आले, तेच येथे आराखडा आखून केलेले दिसते. वनस्पती तुपाच्या गुणावगुणांचा वाद पुढे दीर्घकाळ चालला आणि तो अस्थानी नव्हता. परंतु गिऱ्हाईक कोण, त्याची शंका कोणती आणि ती कोठे दूर करता येईल, हे तीन प्रश्न चित्राच्या आधी सोडवावे लागतात, हा धडा त्या मोहिमेने हिंदुस्थानातील जाहिरात-धंद्याला घालून दिला. शाळेत तो कोणी शिकवीत नसे.

आता एका उमेदवाराची कथा पाहू. सत्यजित राय यांचे नाव आपण चित्रपटामुळे जाणतो. पण त्यांची पहिली नोकरी जाहिरातीची होती. आजोबा उपेंद्रकिशोर हे छपाईच्या व ब्लॉकच्या तंत्रातील अधिकारी पुरुष. वडील सुकुमार हेही लेखक व मुद्रक. सत्यजित दोन-अडीच वर्षांचे असतानाच वडील वारले आणि पुढे काही वर्षांत छापखानाही गेला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतल्यावर 1940 मध्ये ते शांतिनिकेतनात कलाभवनात गेले, तेही व्यावसायिक चित्रकार होण्याचा विचार मनात ठेवून. तेथे नंदलाल बोस आणि विनोदविहारी मुखर्जी यांच्या हाताखाली त्यांना भारतीय रेषेचे संस्कार मिळाले. मित्रांबरोबर केलेल्या प्रवासात त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीही पाहिली. अभ्यासक्रम पुरा न करताच ते कलकत्त्यास परतले आणि एप्रिल 1943 मध्ये कीमर कंपनीत कनिष्ठ व्हिज्युअलायझर म्हणून दाखल झाले. पगार महिना 80 रुपये.

साल 1943 होते, हे येथे विसरता येत नाही. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. अन्नाच्या शोधात खेड्यांतील माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर आली. अशा शहरात एका तरुणाने कचेरीत बसून मालाची मागणी कशी वाढेल याचे आराखडे काढावयाचे होते. तीस वर्षांनी, 1973 मध्ये, त्याच दुष्काळावर रायांनी 'अशनि संकेत' हा चित्रपट केला.

कचेरीतील वातावरण एकंदरीत बरे असले तरी इंग्रज नोकरांचा पगार अधिक आणि देशी नोकरांचा कमी, हे शल्य होतेच. जाहिरातदारांच्या अभिरुचीविषयी रायांचे मत मुळीच चांगले नव्हते. पण या चाकोरीतच एक वाट फुटली. कंपनीतील वरिष्ठ अधिकारी डी. के. गुप्त यांनी सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली आणि पुस्तकांची मुखपृष्ठे रायांकडे सोपविली. तीही पूर्ण मोकळीक देऊन. जिम कॉर्बेटच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाचे मुखपृष्ठ त्यांनी वाघाच्या कातड्याचे केले: पुढच्या बाजूस गोळी आत शिरल्याचे भोक, मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचे मोठे भोक. शब्दाविना सांगितलेली ही संपूर्ण गोष्ट आहे. कमी जागेत एकच कल्पना ठासून सांगण्याची ही शिस्त जाहिरातीच्या टेबलावर कमावलेली होती. याच प्रेससाठी 'पथेर पांचाली'च्या मुलांकरिता केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना त्या कथेवर चित्रपट होऊ शकेल, हे बीज त्यांच्या मनात पडले. 1950 मध्ये कंपनीने त्यांना कामासाठी लंडनला धाडले. तेथे त्यांनी 'बायसिकल थीव्ह्‌ज' पाहिला आणि परतीच्या जहाजावर आपल्या चित्रपटाचा आराखडा मांडावयास घेतला. 1955 मध्ये 'पथेर पांचाली' प्रदर्शित झाला, तोपर्यंत ते कीमरच्या नोकरीतच होते. उमेदवारीचे जोखड त्यांनी मुकाट्याने वाहिले, आणि त्याचेच साधनही करून घेतले.

रायांची कथा अपवादात्मक म्हणता येईल. परंतु त्यांच्याच कचेरीतून गेलेले अन्नदा मुन्शी यांनी जाहिरातीच्या कक्षेत राहूनच मोठे काम केले. चहा हे मळेवाल्या गोऱ्यांचे पेय, अशी राष्ट्रीय वृत्तीच्या माणसांची भावना होती. 1947 साली भारतीय चहाच्या प्रसारमंडळासाठी मुन्शींनी केलेल्या भित्तिपत्रकात चरख्याशी बसलेली स्त्री आहे, शेजारी चहा आहे, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. यातील चातुर्याचे कौतुक करावे की चरख्याचा असा उपयोग झाला म्हणून विषाद मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, लोकांच्या मनातील आक्षेप आणि त्यांना प्रिय असलेली प्रतिमा, ही दोन्ही ज्याला घरबसल्या ठाऊक होती अशा माणसाच्याच हातून हे चित्र निघू शकले. लंडनहून आलेल्या नमुन्यात ते नव्हते.

येथेच आमच्या मते या इतिहासाचे मर्म आहे. परकीय पद्धतीच्या कंपन्यांत मोहीम इंग्रजीत कल्पिली जाई आणि अखेरीस बंगाली, मराठी, तमिळ अशा भाषांत उतरविली जाई. देशी उमेदवाराची भाषा त्या साखळीत सर्वांत शेवटी येई, आणि तीही अनुवादकाच्या पोटी. मांडणी रोमन अक्षरांच्या मापाने झालेली. तीत देवनागरीची शिरोरेषा, वेलांट्या आणि उकार कोंबून बसवावयाचे. इंग्रजीसाठी खिळ्यांचे नाना घाट उपलब्ध. देवनागरीत ग्रंथछपाईसाठी जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारखी सुबक परंपरा असली तरी ठळक मथळ्यासाठी निवड थोडी. मराठी जाहिरात पुष्कळदा अवघडल्यासारखी दिसे, त्याचे कारण भाषेच्या दारिद्र्यात नव्हते. तिला जागा उशिरा मिळत होती.

ही जागा मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जे. जे. मध्ये शिकून ते काही वर्षे कीमर कंपनीत होते. पुढे 1961 ते 1983 पर्यंत उल्का कंपनीत कलादिग्दर्शक राहिले. ही उल्का 1961 मध्ये बाळ मुंडकूर यांनी काढलेली. दिवसा जाहिरातीची अक्षरे घडविणारा हा मनुष्य अक्षराकडे साधकाच्या दृष्टीने पाही. 1983 नंतर ते मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवू लागले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला, आणि विंडोज प्रणालीत मिळणारे 'मंगल' हे देवनागरी अक्षरवळण त्यांचेच. 2008 साली ते निवर्तले. आज एखाद्या सरकारी कचेरीत मराठी किंवा हिंदी पत्र टंकलिखित होते, तेव्हा पुष्कळदा जाहिरात कंपनीत कसलेल्या या हाताचे वळण कागदावर उमटते.

आता काळ बदलला. 1991 मध्ये अहमदाबादेस या विषयासाठी स्वतंत्र संस्था निघाली. ठिकठिकाणी अभ्यासक्रम आहेत. ब्लॉक आणि खिळे गेले, आराखडे पडद्यावर होऊ लागले. तरी पहिल्या दिवशी कंपनीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याची कसोटी फारशी बदललेली नाही. शाळेतील मोहिमेचा तो धनी असतो आणि कंपनीतील मोहिमेत एक दुवा. आपले नाव कोठेही येणार नाही हे पत्करून काम चोख करावयाचे, आणि ते करीत असताना आपण कोणाशी व कोणत्या भाषेत बोलत आहो याचा विसर पडू द्यावयाचा नाही, असे हे दुहेरी व्रत आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना बदलीच्या निमित्ताने चार प्रांतांतील स्थानके आणि बाजार पाहावे लागतात. एकाच साबणाची पाटी कोठे ओडियात, कोठे कन्नडात, कोठे गुजरातीत वाचावयास मिळते. यापुढे अशी पाटी दिसली तर क्षणभर थांबून पाहावे. ती त्या भाषेत सुचलेली आहे की त्या भाषेत केवळ उतरविलेली आहे, हे परक्या माणसालाही बहुधा कळते. सुचलेली असेल तर समजावे की, कोणा अनामिक उमेदवाराने आपला शब्द साखळीच्या शेवटून उचलून आरंभी नेऊन ठेवला आहे.