जंजिरा : किल्ला की राज्य?

जंजिरा म्हटलं की आपण 'अजिंक्य किल्ला' म्हणतो आणि तोफा मोजायला लागतो. पण मंडळी, मुरूडसमोरच्या त्या बेटावरून एक अख्खं राज्य चालत होतं!

सत्ता सिद्दींची. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. बराच काळ गादी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सरदार आपल्यातला कर्तबगार माणूस निवडत. चहूकडे खारं पाणी, तरी आत गोड्या पाण्याची दोन तळी. पोट मात्र किनाऱ्यावर भरे : भात, नारळ-सुपारी, मासळी, बंदरांची जकात. शिवाय मोगलांच्या आरमाराची चाकरी. किनाऱ्यावरच्या रयतेला सिद्दीचा जाचही होता, म्हणून तर शिवरायांनी शेजारी पद्मदुर्ग बांधला. १६८२ साली संभाजीराजांनी समुद्रात दगड टाकून वाट करायला घेतली. तरीही बेट हाती आलं नाही.

पुढे नवाब मुरूडला राहू लागले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं आणि कालांतराने बेटावरची वस्तीही उठली. जे तोफांनी झालं नाही ते असं झालं... तट उभा राहिला, गाव गेलं.

असो. जंजिऱ्याला गेलात तर तोफेआधी तळी बघा. माणसं राहत होती ती त्या पाण्यावर.