तळटीप : सार्जंट क्रिब

* क्रिब : पीटर लव्हसी यांच्या कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा टेलिव्हिजनने केलेली ब्रिटिश मालिका. ‘वॅक्सवर्क’ हा पहिला भाग १९७९मध्ये दाखवला गेला आणि १९८१मध्ये मालिका आटोपलीही. भाग अवघे १४. लव्हसींच्या आठही क्रिब-कादंबऱ्या वापरून झाल्यावर उरलेल्या भागांच्या कथा त्यांनी व पत्नी जॅकलिन यांनी नव्याने रचल्या. ॲलन डोबी यांचा क्रिब स्कॉटलंड यार्डचा साधा सार्जंट आहे. डोके त्याचे, श्रेय वरिष्ठ जोवेटचे. सोबतीला कॉन्स्टेबल थॅकरे (विल्यम सायमन्स).

व्हिक्टोरियन लंडन म्हटले की धुके आणि घोडागाड्या, एवढ्यावरच बहुतेक मालिका भागवतात. इथे मात्र सामान्य माणसांच्या करमणुकीत खून घडतात. लव्हसी मुळात क्रीडा-इतिहासाचे अभ्यासक. १९७०च्या पहिल्याच कादंबरीत १८७९ सालची इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमधली चालण्याची शर्यत आहे. सहा दिवस, सहा रात्री माणसे गोल-गोल चालत राहायची आणि लोक पैसे मोजून ते पाहायचे. असल्या शर्यती तेव्हा खरोखर होत. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ वर्ज्य. प्रस्तुत प्रकरणातला उल्लेख याच कादंबरीवरच्या भागाचा आहे.