एलिझाबेथव्हिलचा रस्ता

डिसेंबर १९६१ म्हटले की महाराष्ट्राला गोवा आठवतो, आणि ते साहजिकच आहे. पण १८ डिसेंबरला आपले सैन्य गोव्यावर चालून गेले, त्याच्या तेरा दिवस आधी आफ्रिकेतील एका रस्त्यावर एक तरुण भारतीय कॅप्टन कामी आला होता. परदेशातले हे मरण आपल्या हिशेबात कोठे मांडावे, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे.

गुरबचनसिंग सलारिया हे त्यांचे नाव. २९ नोव्हेंबर १९३५ रोजी शकरगडजवळच्या जामवाल गावी जन्म. सैनिकी शाळेने प्रथम छातीचे माप कमी भरले म्हणून परत पाठविले. मुलाने व्यायामाने छाती भरून काढली आणि १९४६ त प्रवेश मिळविलाच. पुढच्या वर्षी फाळणी झाली. शकरगड पाकिस्तानात गेले आणि कुटुंब गुरदासपूर जिल्ह्यात आले. १९५६ साली ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडले. या प्रबोधिनीचे परमवीरचक्राचे पहिले मानकरी तेच. रविवारी खडकवासल्याला सहलीस जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल?

काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या हातून सुटला. अकरा दिवसांतच त्शोंबे याने तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फोडून वेगळा काढला. त्याच्या पाठीशी खाणवाल्यांचा पैसा आणि भाडोत्री गोरे सैनिक होते. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून भारताने १९६१ त सुमारे तीन हजारांची ब्रिगेड धाडली.

५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजचे लुबुंबाशी, येथे कटांगाच्या शिपायांनी विमानतळाची वाट अडविली. मुख्य नाका मोडण्याचे काम दुसऱ्या तुकडीकडे होते. सलारियांनी सोळा गुरखे घेऊन शत्रूची माघारीची वाट रोखायची, एवढेच ठरले होते. तेथे सुमारे नव्वद शिपाई, दोन चिलखती मोटारींसह, समोर आले. ते मुख्य नाक्याच्या मदतीला पोचते तर सारा बेतच फसला असता. सलारिया थांबले नाहीत. रॉकेटने मोटारी निकामी केल्या आणि संगिनी, खुकऱ्या व हातबाँब घेऊन सतराजण तुटून पडले. चाळीसएक शत्रू पडले, बाकीचे पळाले. सलारियांच्या मानेत गोळ्या शिरल्या होत्या. तशाही स्थितीत ते लढत राहिले आणि अतिरक्तस्रावाने कोसळले. सव्विसावे वर्ष पुरे होऊन सहाच दिवस झाले होते.

परक्यांच्या भांडणात आपली पोरे कशाला, असे कोणी विचारले तर आम्ही तो प्रश्न उडवून लावणार नाही. सैनिक हुकुमाने जातो. त्याला मोहीम निवडता येत नाही. पण ज्याचे गाव फाळणीने नेले, तो दुसऱ्या देशाची फाळणी रोखताना पडला. हे भांडण त्याला सर्वस्वी परके होते, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

२६ जानेवारी १९६२ ला परमवीरचक्र जाहीर झाले. संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर मिळालेले ते आजवर एकच. त्याच वर्षी हिमालयात युद्ध पेटले आणि लोकांचे लक्ष तिकडे वळले. जानेवारी १९६३ त कटांगाचे बंड संपले.