दोषारोपाविना घटस्फोट

पती वा पत्नीचा अपराध सिद्ध न करता विवाह संपुष्टात आणणे, यास दोषारोपाविना घटस्फोट म्हणतात. भारतीय कायद्याने हे तत्त्व अंशतःच स्वीकारले आहे.

मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने त्याचा लाभ येथे मिळाला नाही. ज्या जातींत काडीमोड किंवा फारकतीची रूढी होती, त्यांच्यात विवाह मोडता येई. इतर हिंदू स्त्रियांना घटस्फोट मिळाला तो १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आल्यावर. मात्र त्यासाठी व्यभिचार, धर्मांतर यांसारखी ठरावीक कारणे शाबीत करावी लागत. छळ आणि परित्याग ही घटस्फोटाची कारणे १९७६ मध्ये ठरली.

त्याच दुरुस्तीने कलम १३ब आले. पती-पत्नी किमान वर्षभर विभक्त असतील, एकत्र नांदणे अशक्य झाले असेल आणि दोघांची संमती असेल, तर दोष न सांगता घटस्फोट मिळतो. विशेष विवाह कायद्यात ही सोय १९५४ पासूनच होती. ख्रिस्ती विवाहांना ती २००१ मध्ये मिळाली. संयुक्त अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. पण योग्य प्रकरणी न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. हुकूमनामा होईपर्यंत कोणासही संमती मागे घेता येते.

खरा पेच येथेच आहे. एकाची संमती नसेल तर दुसऱ्यास पुन्हा दोष सिद्ध करण्याच्या वाटेनेच जावे लागते. विवाह पूर्णतः विफल झाल्याच्या कारणावरून घटस्फोट देण्याची शिफारस विधी आयोगाने १९७८ आणि २००९ मध्ये केली. तसे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेत मात्र ते रखडले आणि २०१४ मध्ये रद्दबातल झाले. आर्थिकदृष्ट्या परावलंबी पत्नी उघड्यावर पडेल, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता. घटनापीठाच्या १ मे २०२३ च्या निकालानुसार या कारणावरून विवाह संपविण्याचा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयास, अनुच्छेद १४२ खाली आहे. जिल्ह्यातील न्यायालयांना तो नाही.

यवतमाळपुरत्या आणखी दोन बाबी महत्त्वाच्या. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे गोंड, कोलाम आदी समाजांत रूढीच निर्णायक ठरते. दुसरे असे की, २००३ च्या दुरुस्तीमुळे पुण्या-मुंबईस दिलेली आणि वणी वा पुसदला माहेरी परतलेली स्त्री आपल्या वास्तव्याच्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. संमतीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पोटगी, स्त्रीधन आणि मुलांचा ताबा यांविषयीच्या अटी लेखी नोंदवून घेणे हिताचे असते.