सलाईनच्या नळीतून रक्ताचा नमुना : सोय आणि धोका

रुग्णाला सलाईन लावलेले असताना तपासणीसाठी पुन्हा सुई टोचू नये, त्याच नळीतून रक्त घ्यावे, असा आग्रह नातेवाईक अनेकदा धरतात. रुग्णाच्या वेदनेचा विचार करता तो स्वाभाविक असला, तरी परिचर्याशास्त्रातील पुरावा त्याच्या बाजूने नाही. शिरेत आधीच बसविलेल्या नळीतून नमुना घेतल्यास तपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण भेसळीचे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटर द्रवात ५,००० मिलिग्रॅम साखर असते. नमुन्यात या द्रवाचा अवघा पन्नासावा भाग मिसळला, तरी १०० असलेली रक्तशर्करा जवळपास २०० दिसते आणि रुग्णाला विनाकारण इन्सुलिन दिले जाण्याचा धोका उद्भवतो. साध्या सलाईनने रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन व प्लेटलेट प्रत्यक्षाहून कमी भासतात. डेंग्यूच्या रुग्णाबाबत ही चूक विशेष महत्त्वाची ठरते.

दुसरे कारण तांबड्या पेशी फुटण्याचे, म्हणजे हिमोलायसिसचे. अरुंद प्लास्टिकच्या नळीतून रक्त जोराने ओढले गेल्यास पेशी फुटतात, त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ते खोटे वाढलेले दिसते. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात, आपत्कालीन विभागात थेट सुईने घेतलेल्या नमुन्यांत हे प्रमाण बरेच कमी आढळले.

म्हणून सलाईन नसलेल्या हातातून, शक्यतो कोपराच्या खळगीतील शिरेतून नमुना घेणे श्रेयस्कर. टूर्निकेट एका मिनिटाहून अधिक काळ आवळून ठेवू नये. दोन्ही हातांना सलाईन असल्यास डॉक्टरांच्या संमतीने ते किमान दोन मिनिटे बंद करून, सुईच्या जागेच्या खालच्या बाजूने, म्हणजे पंजाकडील शिरेतून रक्त घ्यावे. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मध्यवर्ती नळीतून नमुना घेणे काही वेळा अपरिहार्य असते. अशा वेळी द्रव थांबवून सुरुवातीचे काही मिलिलिटर रक्त टाकून द्यावे लागते. नवजात शिशूंबाबत मात्र एवढे रक्त वाया जाणेही चिंतेचे असते.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन अशा दूरच्या तालुक्यांतून जालन्याला वा छत्रपती संभाजीनगरला पाठविलेल्या रुग्णाला अनेकदा वाटेतच सलाईन सुरू असते. तेथे पोहोचल्यावर पहिला नमुना कोणत्या हातातून, कसा घेतला, यावर पुढील उपचारांची दिशा अवलंबून राहते. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे ही शिस्त विद्यार्थिदशेतच अंगी बाणविण्याची सोय जिल्ह्यात झाली आहे. नमुन्याच्या अर्जावर सलाईनचा प्रकार, रक्त घेतल्याची जागा व वेळ यांची नोंद केल्यास, संशयास्पद आकडा आला तरी औषध देण्यापूर्वी तपासणी पुन्हा करता येते. दुसऱ्यांदा टोचण्याची क्षणिक वेदना चुकीच्या उपचारापेक्षा निश्चितच सुसह्य आहे.