छावणीतले सरपण

ग्वाल्हेरात आमच्या वस्तीचे नाव लष्कर. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "इथे पलटण असते काय?" पलटणीचा काही संबंध नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती पुढे उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, छावणीच्या बाजाराची पेठ झाली, आणि उघड्यावरच्या तीन दगडांच्या चुली हळूहळू भिंतींच्या आत गेल्या. तरवारींचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. चुलींचा लिहायचा असतो हे आपल्या बखरकारांच्या मनातही आले नसावे.

उघड्यावरची चूल कशी असते हे आम्हा मुलांना कळे ते कार्तिकातल्या आवळीभोजनाला. झाडाखाली सतरंज्या पडत. वरण लाकडांवर शिजे, पण बाट्यांना आजीला कंडेच लागत. (घरात ती गोवऱ्या म्हणे, गावाबाहेर पडली की त्यांचे कंडे होत.) कंडे रचून पेटवायचे, ज्वाळा बसून लाल निखारा झाला की कणकेचे गोळे त्यात सोडायचे, उलटसुलट करून वर गरम राख ओढायची. तवा नको, पोळपाट नको. विदर्भातले रोडगेही असेच भाजतात. दिवसभर घोड्यावर दौड करून आलेल्या माणसाला परवडेल असा हा स्वयंपाक.

एका वर्षी आदल्या रात्री अवचित पाऊस झाला. कंडे ओले, लाकडे ओली. कणीक मळलेली, तूप तयार, आणि दुपारी दोनपर्यंत नुसता धूर. आजोबा चिडले, "एवढा शिधा आणला आणि उपाशी!" आजी शांतपणे म्हणाली, "सरपण नाही तर शिधा काय चाटायचा?"

पानिपताविषयी वाचताना मला आजीचे ते बोलणे पुष्कळदा आठवते.

पानिपताची एक ऐकीव गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. संध्याकाळी मराठ्यांच्या गोटातून ठिकठिकाणी धूर निघताना अब्दालीने पाहिला. जातवार चुली वेगळ्या आहेत असे कळल्यावर, एकत्र जेवत नाहीत ते एकत्र लढणार कसे, असे म्हणून तो निर्धास्त झाला. गोष्ट बोधप्रद आहे, आणि वेगळ्या चुलींना सरपण जास्त लागते हेही खरे. पण त्या चुलींत घालायला पुढे काय उरले, हे ती गोष्ट सांगत नाही.

ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस भाऊसाहेबांची छावणी पानिपतावर पडली आणि भोवती खंदक खणला गेला. अब्दाली यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध आला होता. दक्षिणेची वाट बंद. त्याला दाणागोटा नजीबखानाच्या मुलखातून यमुनेपलीकडून मिळत राहिला. ती रसद तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. इथवर सगळी पुस्तके सांगतात. सरपणाचे फारसे कोणी सांगत नाही. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त, त्यात उत्तरेची थंडी. इतक्या चुली आणि शेकोट्या रोज पेटायच्या म्हटल्यावर जवळपासचे लाकूड किती दिवस पुरणार?

काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूला होता. त्याने लढाई पाहिली आणि मागाहून फारशीत लिहून ठेवली. तो सांगतो की, एका रात्री सुमारे २०,००० बुणगे लाकडे आणायला दूरच्या रानात गेले असता शहापसंदखानाच्या ५,००० स्वारांशी त्यांची गाठ पडली. स्वारांनी त्यांना चहूकडून घेरून कापून काढले. आकडा फुगलेला असेल. निम्मा धरा, पाव धरा. तरी पाच हजार माणसे मोळीपायी मेली, आणि आम्ही शाळेत शिकलो त्या पुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती.

उलट 'बाजारबुणगे' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. त्यांच्या ओझ्याने फौज जड झाली हे मी नाकारत नाही. पण गवत कापणारा, पाणी भरणारा, लाकूड फोडणारा यांची गणतीही बुणग्यांतच होई. आणि त्यांच्यावाचून स्वाराला भाकर मिळत नसे.

शेवटी माणसे दोन दिवसांची उपाशी राहिली, तेव्हा सरदार भाऊंकडे गेले. अडचणीसाठी राखून ठेवलेले थोडे धान्य वाटावे, त्या रात्री सर्वांनी एकदा पोटभर जेवावे, असा हुकूम झाला. हेही काशिराजच सांगतो. दुसऱ्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, बुधवारी, लढाई झाली.

त्या दिवशी रणातून निघालेल्यांत महादजी शिंदे होते. पाठलागावरच्या पठाणाने त्यांच्या पायावर घाव घातला. तो पाय जन्माचा अधू झाला. वाटेत पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले, असे परंपरेने सांगतात. पखालीने पाणी वाहणारा, म्हणजे बुणगाच. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि सरदारी दिली. १७८८ मध्ये गुलाम कादराच्या हातून दिल्ली सोडवली, त्या फौजेचा मुख्य राणेखानच होता. दौलतराव हे महादजींचे वारस. भिस्त्याचा तो बैल त्या वाटेने गेला नसता, तर आमचे लष्कर ग्वाल्हेरला पडलेच नसते.