भिलाई पोलाद कारखाना आणि सागरी सुरक्षा

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईला समुद्र नाही. तरीही सागरी सुरक्षेशी या पोलादनगरीचा दुहेरी संबंध आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएट करारातून उभ्या राहिलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. लोहखनिज जवळच्या दल्ली-राजहरा खाणींतून मिळते. मात्र कोकसाठी लागणारा कमी राखेचा कोळसा मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून जहाजाने येतो आणि पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून रेल्वेने भिलाईस पोहोचतो. त्यामुळे जहाजभाडे व विम्याचा हप्ता वाढला की त्याची झळ पोलादालाही बसते.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. आशिया-युरोप प्रवास सुमारे दहा दिवसांनी लांबला. ऑस्ट्रेलियाची कोळसावाट तेथून जात नाही, परंतु जहाजे लांबच्या फेऱ्यांत गुंतून पडली की इतर मार्गांवरही त्यांची टंचाई भासते. याच काळात सोमाली चाचेगिरीनेही डोके वर काढले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरील १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणले.

दुसरा संबंध अधिक अभिमानाचा आहे. पूर्वी युद्धनौकांचे पोलाद आयात करावे लागे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेच्या सहकार्याने ‘डीएमआर २४९’ हे देशी पोलाद विकसित झाले. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी भिलाई कारखाना चालवणाऱ्या ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले, ते भिलाई, बोकारो व राउरकेला येथे तयार झाले.